हौसेचं खातं

२०२४ सालच्या ऑक्टोबरात मी मला स्वतःला एक पत्र पाठवलं.

पत्र खाजगी नव्हतं. ‘महोदय, आपल्या बचत खात्यात गेल्या दहा वर्षांत आपणाकडून एकही व्यवहार झालेला नाही. तरी सत्वर शाखेशी संपर्क साधावा. अन्यथा खात्यातील शिल्लक नियमानुसार रिझर्व्ह बँकेच्या निधीत वर्ग करण्यात येईल,’ असा मजकूर. खाली ‘शाखाधिकाऱ्यांकरिता’ म्हणून माझीच सही. आमच्या शाखेत झोपलेल्या खात्यांची यादी काढून त्यांच्या मालकांना जागं करण्याचं काम माझ्याकडे आहे. त्या यादीत सत्तेचाळिसाव्या क्रमांकावर नाव होतं ‘कर्मचारी नाट्यमंडळ’. शिल्लक रु. १,८४६.५०. पत्ता खजिनदाराचा. खजिनदार मी.

तीन दिवसांनी पोस्टमननं ते पत्र माझ्या हातात ठेवलं. वाचून मला मनापासून राग आला. एखाद्या माणसानं दहा वर्षं खात्याला हात लावला नाही, तर निदान ‘प्रकृती कशी आहे’ एवढं तरी विचारावं की नाही? तक्रार करायचं ठरवलं. मग आठवलं, तक्रारी घ्यायचं टेबलही माझंच आहे.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. ज्याला हिशेब येतो त्याला अभिनय येत नाही असं नाटकमंडळी धरूनच चालतात, आणि माझ्या बाबतीत ते खरंही होतं. म्हणून मंडळानं माझ्याकडे दोन कामं दिली: पैसे आणि पडदा. पडदा ओढणाऱ्याचं एक बरं असतं. त्याला पाठांतर नाही, तोंडाला रंग फासायला नको, आणि नाटक पडलं तरी पडदा वेळेवर पडला एवढं समाधान घेऊन तो घरी जातो.

बँकेत खातं बंद करण्याआधी मागची पानं चाळायची पद्धत आहे. मीही चाळायला बसलो. हौशी नाटकाचं हे खातं मुळात उघडलं कुणी, पहिला भरणा कुणाचा, जमा जास्त की नावे जास्त, हे एकदा बघावं म्हटलं. आमची शाखा सांगलीत आहे. सांगलीत नाटकाचा विषय निघाला की माणूस आधी १८४३ सालापर्यंत मागं जातो आणि मग चहा मागवतो. मीही तेवढा मागं गेलो.

५ नोव्हेंबर १८४३ ला संस्थानचे अधिपती चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांच्यापुढं विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ लावलं. आदल्या वर्षी कर्नाटकातली भागवत मंडळी येऊन खेळ करून गेली होती. ते पाहून अप्पासाहेबांना वाटलं, असंच पण जरा नेटकं असं काही आपल्याकडे व्हावं. राजाला वाटलं म्हणजे झालंच. तिकीट नाही, भाडं नाही. संस्थानच्या आश्रयानं प्रयोग झाला. हिशेबाच्या भाषेत सांगायचं, तर आपलं पहिलं नाटक शंभर टक्के अनुदानावर चाललेलं होतं.

पद्यं भाव्यांची, गायची सूत्रधारानं, आणि भाषणं ज्या त्या पात्रानं जागच्या जागी जुळवून म्हणायची अशी ती रीत. म्हणजे प्रॉम्प्टर नाही! आमच्या मंडळात प्रॉम्प्टरचा आवाज नायकापेक्षा मोठा असे. मागच्या रांगेतल्या लोकांना एकाच तिकिटात नाटक दोनदा ऐकायला मिळे. भाव्यांच्या राक्षसांच्या आरोळ्या मात्र इतक्या दणदणीत असत, की त्यावरून पुढं लोक असल्या नाटकांना चेष्टेनं ‘अललडुर्र’च म्हणू लागले.

१८५१ साली अप्पासाहेब वारले आणि आश्रय तुटला. भावे मंडळी घेऊन गावोगाव फिरू लागले. १८५३ साली मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात त्यांचे प्रयोग झाले. इतिहासाच्या पुस्तकांत या ठिकाणी ‘धंदेवाईक रंगभूमीचा उदय’ असा मथळा असतो. मला बँकेत बसून तो उदय वगैरे वाटत नाही. अनुदान थांबल्यावर कुठलीही संस्था जे करते तेच भाव्यांनी केलं. हौस संपली नव्हती, पैसे संपले होते.

त्यानंतरचं पान उघडलं आणि मी कॅश काउंटरवरून उठून उभाच राहिलो. समोरच्या ग्राहकाला वाटलं, पैसे संपले. झालं होतं असं, की बलवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर हे पुण्यात रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरीला होते, हे त्या पानावर लिहिलेलं होतं. म्हणजे ज्यांना आपण संगीत नाटकाचे जनक म्हणतो, नाट्यगृहाच्या भिंतीवर ज्यांच्या तसबिरीला हार असतो, ते आमच्याच जातकुळीतले! हजेरीपट, बारनिशी, जावक क्रमांक, साहेबांची वाकडी मान, सगळं सोसलेले! त्याआधी बेळगावात ते मास्तर होते, तिथंही त्यांनी नाटकमंडळी काढली होती. पुढं ‘शारदा’ लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल हे त्यांचे बेळगावातले विद्यार्थी. तेव्हा ‘मास्तरांनी मुलांना नाटकाचा नाद लावला’ ही पालकांची तक्रार फार जुनी असली पाहिजे.

१८८० साली पुण्यात पारशी मंडळींची ‘इंद्रसभा’ पाहून अण्णासाहेबांच्या डोक्यात आलं, की मराठीत असं गाण्याचं नाटक का नसावं? त्याच साली ३१ ऑक्टोबरला आनंदोद्भव नाट्यगृहात ‘शाकुंतल’ झालं. त्या रात्री सातांपैकी चारच अंक झाले. अभ्यासक यावर काय म्हणतात ते म्हणोत. माझं आपलं नोकरदार मत असं, की कचेरी सांभाळून तालमी केल्या तर तेवढंच बसतं. आमचं तर एकांकिकेचंही शेवटचं पान दरवर्षी टॅक्सीत बसत असे.

आता ‘हौशी’ या शब्दाचा खुलासा केला पाहिजे. जत्रेला तीन तऱ्हेचे लोक जातात असं आपल्याकडे म्हणतात: हौशे, नवशे आणि गवशे. आमच्या मंडळात तिन्ही होते. नवशे म्हणजे मोठ्या साहेबांच्या हस्ते बक्षीस मिळालं तर बदली टळेल अशा आशेनं आलेले. गवशे म्हणजे आंतरबँक स्पर्धेच्या निमित्तानं दोन दिवस मुंबई बघायला मिळते म्हणून भालदार व्हायला तयार असलेले. आणि हौशे म्हणजे मामा.

मामा आमच्या शाखेतले शिपाई. नोकरीत माझ्याहून पुष्कळ वर्षं जुने. त्यांनी जन्मात कधी रंगमंचावर पाऊल ठेवलं नाही. म्हणजे ठेवलं, पण पडदा बंद असताना. खुर्च्या लावणं, दिवे बांधणं, तलवारीला चंदेरी कागद चिकटवणं, दाढ्यामिशांचा डबा आणि कपड्यांची लोखंडी पेटी सांभाळणं ही त्यांची खाती. तालमीला कुणी येवो न येवो, मामा साडेसहाला हॉलचं कुलूप काढून बसलेले असायचे. एका वर्षी सभासदांची हजेरी मोजली, तर शंभर टक्के हजेरी फक्त त्यांची निघाली. तेव्हा आम्ही एकमतानं त्यांना चिटणीस केलं. बँकेच्या खात्यावर अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार यांपैकी कोणत्याही दोघांची सही चालते, म्हणजे व्यवहारात मामांची आणि माझी. अध्यक्ष शाखाधिकारी असत आणि त्यांची दर तीन वर्षांनी बदली होई.

किर्लोस्करांनंतरची पन्नासेक वर्षं मी भराभर उलटणार आहे, कारण ती कंपन्यांची वर्षं. गाणी, शालू, अत्तरं, पंगती आणि शेवटी कर्ज. त्यावर पुष्कळांनी भरभरून लिहिलेलं आहे. हौशी माणूस या काळात कोपऱ्यात होता. पुण्यात १८९४ साली काही विद्यार्थ्यांनी ‘स्टुडंट्स सोशल क्लब’ काढला, त्याचं पुढं भरत नाट्य संशोधन मंदिर झालं. सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाल्यावर मेळे निघाले आणि आळीआळीतल्या पोरांच्या तोंडाला रंग लागला. गोव्यात देवळाच्या जत्रेला गावच्याच लोकांनी नाटक करायची रीत पडली. त्या नाटकात पोस्टमास्तर राजा आणि जमीनदार हुजऱ्या असं होऊ शकतं. लोकशाहीला इतकं जवळ दुसरं काही मी पाहिलेलं नाही.

मग बोलपट आला. १९३१ साली ‘आलम आरा’, १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’. चार आण्यांत चित्रं बोलू-गाऊ लागल्यावर पहाटेपर्यंत चालणाऱ्या नाटकाला कोण बसणार? नाट्यगृहांवर सिनेमाच्या पाट्या चढल्या आणि कंपन्या एकामागून एक बुडाल्या. धंद्याची भाषा बोलायची, तर कर्ज थकलं, तारण गेलं, आणि खातं बुडीत म्हणून लिहून टाकायची वेळ आली.

बुडीत खातं वर काढायला नेहमी जी माणसं धावतात तीच धावली, म्हणजे ज्यांचं त्यात काही अडकलेलं नव्हतं ती. १९३३ साली मुंबईत ‘नाट्यमन्वंतर’ ही संस्था निघाली. तिच्या नावापुढं ‘लिमिटेड’ असं होतं, हे वाचून माझ्यातला बी. कॉम. गहिवरला. १ जुलैला त्यांनी श्री. वि. वर्तकांचं ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आणलं. मूळ नाटक नॉर्वेच्या ब्यर्नसनचं. त्यात ज्योत्स्नाबाई भोळे आणि पद्माबाई वर्तक यांनी कामं केली, म्हणजे बायकांची कामं बायकांनी केली. आज हे वाक्य लिहिण्यासारखं वाटत नाही. पण त्याआधी नव्वद वर्षं आपल्याकडची बहुतेक सीता, शकुंतला आणि सिंधू रंगपटात दाढी करत होती.

ही संस्था फार वर्षं टिकली नाही, पण दार उघडलं ते उघडलंच. आमच्या मंडळात मात्र स्त्रीभूमिकेचा प्रश्न २०१० सालीही सुटलेला नव्हता. काम करायची तयारी सेव्हिंग्जच्या काउंटरवरच्या बाईंची होती, नव्हे, आम्हां सगळ्यांत खरा अभिनय त्यांनाच येत होता. पण तालीम साडेसहाला. त्या पहाटे उठून दोन्ही वेळचा स्वयंपाक उरकून यायच्या, तालमीत मेलेल्या नवऱ्यासाठी हंबरडा फोडायच्या, आणि आठ दहाच्या बसनं जिवंत नवऱ्याला वाढायला घरी जायच्या. हौशी माणसाला ‘घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजतो’ असं म्हणतात. ते घरचं कोण रांधतं, हे त्या म्हणीत नाही आणि रंगभूमीच्या इतिहासातही नाही. माझ्या घरी रविवारच्या तालमीला अकरा जण असत. बायकोनं केलेल्या पोह्यांची नोंद मी जमाखर्चात कधीही केली नाही. खजिनदार म्हणून हा माझा सर्वांत मोठा घोटाळा.

१९४३ साली रंगभूमीला शंभर वर्षं झाली. सांगलीत नाट्यसंमेलन भरलं, अध्यक्ष स्वातंत्र्यवीर सावरकर. पाठोपाठ १९४४ साली मुंबईत शताब्दी महोत्सव झाला तो मुंबई मराठी साहित्य संघाच्या पुढाकारानं, आणि संघामागची शक्ती होती डॉ. अमृत नारायण भालेराव. हे खरोखरीचे डॉक्टर, नाडी बघणारे. मरायला टेकलेल्या रंगभूमीची त्यांनी फी न घेता शुश्रूषा केली. गिरगावात केळेवाडीतलं संघाचं नाट्यगृह १९६४ साली उभं राहिलं, तेव्हा ते हयात नव्हते. नाव मात्र त्यांचंच दिलं आहे.

आणि इथून मराठी नाटक डॉक्टरांच्या हातात गेलं ते गेलंच. पुण्यात १९५१ साली भालबा केळकरांनी ‘प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन’ काढली. भालबा स्वतः विज्ञानाचे प्राध्यापक, पण त्यांच्या संस्थेतले श्रीराम लागू कान-नाक-घशाचे डॉक्टर. १९५७ साली नाशिकच्या एका इंग्रजीच्या प्राध्यापकाचं, वसंत कानेटकरांचं, ‘वेड्याचं घर उन्हात’ त्यांनी केलं. म्हणजे लिहिणारा प्राध्यापक, बसवणारा प्राध्यापक, करणारा डॉक्टर. पगार सगळ्यांना दुसरीकडून. लागूंनी १९६९ साली दवाखान्याला रामराम ठोकला आणि १९७० साली ‘नटसम्राट’ झाले. म्हणजे जवळजवळ वीस वर्षं ते आमच्यासारखे हौशी होते. ‘आमच्यासारखे’ हा शब्द वाचकांनी सोडून द्यावा.

दरम्यान १९५०च्या दशकात सरकारनं राज्य नाट्यस्पर्धा सुरू केली. पुन्हा अनुदान, पुन्हा राजाश्रय. फक्त राजाच्या जागी फाईल. सरकारी स्पर्धेची थट्टा करणं फार सोपं आहे. दुसऱ्या दिवशीची स्पर्धक मंडळी हेच आदल्या दिवसाचे प्रेक्षक, आणि ती वाईट व्हावं म्हणून मनोभावे नाटक बघतात. पण मी हिशेब मांडून पाहिला. १९६७ साली ‘रंगायन’नं केलेलं तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या स्पर्धेतलं. १९७२ सालचं ‘घाशीराम कोतवाल’ या स्पर्धेतलं. एवढ्या भांडवलावर इतका परतावा देणारी दुसरी सरकारी योजना मला तरी ठाऊक नाही.

‘शांतता’ची गंमत अशी, की ते नाटकच एका हौशी नाटकमंडळावर आहे. मुंबईची मंडळी खेड्यात अभिरूप न्यायालयाचा खेळ करायला आलेली. एक नट आलेला नाही म्हणून गावातल्याच एका साध्याभोळ्या माणसाला उभं करायचं ठरतं, वेळ जात नाही म्हणून रंगीत तालीम म्हणून लुटुपुटीचा खटला सुरू होतो, आणि पाहता पाहता एका बाईच्या आयुष्याची खरीखुरी चिरफाड होते. ती बाई, लीला बेणारे, नाटकातही शिक्षिका, आणि ते काम करणाऱ्या सुलभा देशपांडेही शिक्षिकाच. हे नाटक मी प्रथम पाहिलं तेव्हा अर्धा वेळ हसत होतो, कारण ती सगळी माणसं आमच्या मंडळातली होती. उरलेला अर्धा वेळ हसू येईना, तेही त्याच कारणानं.

१९८० साली आलेल्या गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’मध्येही हौशीच मंडळी, कोकणातल्या गावची. द्रौपदी पुरुष, दिग्दर्शक हैराण, आणि कुणाचं पाठांतर कुणाला लागत नाही. त्या नाटकाचे प्रयोग पाच हजारांवर गेले. हौशी माणसाच्या फजितीवर व्यावसायिक रंगभूमीनं एवढा धंदा केला; आमच्या मंडळानं नुसत्या मानधनाची मागणी केली असती तरी १,८४६.५० वर थांबावं लागलं नसतं.

पण माझ्या दृष्टीनं खरं कुतूहलाचं नाटक ‘घाशीराम’. पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२, पुण्यात, भरत नाट्य मंदिरात. दिग्दर्शक जब्बार पटेल हे मुलांचे डॉक्टर. नाना फडणविसाचं काम करणारे मोहन आगाशे मनाचे डॉक्टर. त्यात रंगमंचावर माणसांची रांग उभी असते. तीच भिंत, तोच पडदा, तेच पुण्याचे ब्राह्मण. नेपथ्याचं भाडं वाचलं, हा विचार माझ्या मनात आधी आला, कलेचा नंतर. वाद पेटला आणि संस्थेनं प्रयोग थांबवले, तेव्हा या नोकरदार आणि विद्यार्थी मंडळींनी १९७३ साली ‘थिएटर अकॅडमी’ काढून नाटक पुन्हा उभं केलं, आणि १९८० साली युरोपात नेलं. धंदा असता तर गप्प बसले असते. नुकसान सोसायची ऐपत फक्त हौशी माणसाला असते, कारण त्याला नफ्याची सवयच नसते.

माणसांचा पडदा आमच्या मंडळानंही केलेला आहे. फक्त त्यात माणूस एकच होता. मुंबईला स्पर्धेत आमची एकांकिका. तिसरी घंटा झाली, मी दोरी ओढली, पडदा निम्मा उघडला आणि दोरी तुटली. नाटक सुरू झालेलं. मला घाम. तेवढ्यात पाहतो, तर मामा शिडीवर चढून पडद्याचं टोक हातात धरून उभे! चाळीस मिनिटं उभे. अंधार करायचा तेव्हा हात खाली, उजेड तेव्हा हात वर. परीक्षकांनी शेरा लिहिला: ‘अर्धवट उघडा पडदा हे मध्यमवर्गीय मनाचं सूचक प्रतीक.’ आम्हाला नेपथ्याचं उत्तेजनार्थ मिळालं. प्रमाणपत्रावर दिग्दर्शकाचं नाव. मामांचा उजवा खांदा आठवडाभर वर होत नव्हता. त्या आठवड्यात शाखेतली फॅनची बटणं मी दाबली.

बँकेतूनही मोठे नट निघाले. अमोल पालेकर एका बँकेत होते, अशोक सराफ दुसऱ्या बँकेत. दोघंही बँक सोडून गेल्यावर मोठे झाले, हे मी घरी बोलत नाही. पालेकर ज्या प्रायोगिक वर्तुळात वावरले त्याच वर्तुळातल्या ‘आविष्कार’नं १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात नाटकं सुरू केली, कारण थिएटरची भाडी परवडत नव्हती. सुलभाताई त्याच शाळेत शिकवत. पुढं दीड तप तरी नवं काही बघायचं तर लोक शाळेचा जिना चढत. चळवळीला नावसुद्धा शाळेचं पडलं.

हे सगळं चालूच आहे. राज्य स्पर्धा होते. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासकनं १९६३ साली सुरू केलेल्या पुरुषोत्तम करंडकासाठी कॉलेजची मुलं अजून रात्ररात्र जागतात. २०२२ साली परीक्षकांनी, करंडकाच्या तोडीचं एकही नाटक नाही म्हणून, तो कुणालाच दिला नाही, तर केवढा गहजब झाला! जिथं एका कपासाठी लोक इतके भांडतात तिथलं खातं झोपलेलं नाही, एवढं मला कळतं.

झोपलं ते आमचं. २०१४ नंतर नाटक झालं नाही. काही भांडण झालं नाही, की कुणी बंदी घातली नाही. शाखेत होते बावीस, उरले नऊ. साडेसहाला कामच संपेना. अध्यक्ष निवृत्त होऊन मुलीकडे परगावी गेले. सेव्हिंग्जच्या बाईंनी मुदतीआधी सेवानिवृत्ती घेतली. मामा रिटायर झाले. त्यांच्या निरोपसमारंभाला पडदा नव्हता, म्हणून मला काही काम नव्हतं.

तेव्हा ते पत्र आणि केवायसीचे फॉर्म घेऊन एका रविवारी मी मामांकडे गेलो. त्यांचं घर नदीच्या बाजूला. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा आली तेव्हा माणसाच्या उंचीनं पाणी घरात होतं. भिंतीवर रेघ अजून दिसते.

“या खजिनदार,” मामा म्हणाले. “कुठलं बसवताय?”

मी म्हटलं, “नाटक नाही मामा. खातं बंद पडायला आलंय. एक तरी व्यवहार दाखवायला पाहिजे. सही लागेल तुमची.”

ते आत गेले आणि कपाटावरून लोखंडी पेटी काढून आणली. मी बघतच राहिलो. “ही पुरातून वाचली?”

उत्तर मामींनी दिलं, स्वयंपाकघरातून. “वाचती न्हाई तर! गॅसची शेगडी गेली, गाद्या गेल्या, माझं शिलाई मशिन गेलं. ह्यांनी पयली पेटी गच्चीवर टाकली.”

“मंडळाची वस्तू हाय,” मामा खालच्या आवाजात म्हणाले. “आपली असती तर गोष्ट वेगळी.”

पेटीत सगळं होतं. दाढ्यामिशांचा डबा, दोन तलवारी, मेनकापडात गुंडाळलेलं इतिवृत्ताचं पुस्तक, आणि अगदी वर घडी घालून काळा पडदा. पडद्यात नवीकोरी दोरी. दोरीला टाचणीनं लावलेलं दुकानाचं बिल, ऑक्टोबर २०१४, रु. १४०.

“हे बिल दिलं का नाहीत?” मी विचारलं.

“दिलं असतं. पर शंभराच्या वरच्या खर्चाला कमिटीची मंजुरी लागती. तुम्हीच नियम केलता. मिटिंगच झाली न्हाई, मंजूर कोण करणार?”

नियम माझाच होता. कार्यकारिणी तिघांची, गणपूर्ती दोघांची. आम्ही दोघं होतो. मी इतिवृत्ताचं पुस्तक उघडलं, तारीख घातली, स्थळ म्हणून मामांचा पत्ता लिहिला. विषय क्रमांक एक: पडद्याच्या दोरीचं बिल मंजूर करणे. सूचक खजिनदार, अनुमोदक चिटणीस. मंजूर. पैसे काढायच्या स्लिपवर दोघांच्या सह्या झाल्या. मामा पैसे नकोच म्हणत होते; त्यांना समजावलं, की तुम्ही घेतले नाहीत तर बाकीचे १,७०६.५० सुद्धा जातील. तेव्हा कुठं त्यांनी, एखाद्या परक्याचं पाकीट सापडल्यासारखा चेहरा करून, होकार दिला.

मी पुस्तक मिटायला लागलो. मामा म्हणाले, “थांबा. ‘ऐनवेळी येणारे विषय’ राहिलं.”

“आहे काही?”

“दोरी नवी हाय. दहा वर्सं घडीत पडलीय. एकदा ओढून बघाय पाहिजे.”

मी लिहून घेतलं. अनुमोदन द्यायला तिसरं कुणी नव्हतं. आतून मामींचा आवाज आला, “काय ओढायचं ते वडा, पर तालीम आमच्या घरात न्हाई.”